अठ्ठाविसावा दिवस : अवधान-अभाव असलेल्या एका कंत्राटदाराचे प्रकरण

नाशिक जिल्ह्यात सरकारी इमारतींची लहान कामे घेणाऱ्या एका ३७ वर्षांच्या कंत्राटदाराचे हे प्रकरण आहे. शिक्षण स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका, तीही दोन वर्षे जास्त लागून मिळालेली. कामे मुख्यतः जिल्हा परिषदेची आणि सार्वजनिक बांधकाम विभागाची, म्हणजे शाळाखोल्या, अंगणवाड्या, संरक्षक भिंती. घरात आई, प्राथमिक शिक्षिका असलेली पत्नी आणि आठ वर्षांची मुलगी. प्रकरण प्रातिनिधिक आहे. प्रौढांमधील अवधान-अभावाच्या (इंग्रजीत एडीएचडी) तक्रारी जशा समोर येतात तशाच त्या एका व्यक्तीभोवती जुळवून मांडल्या आहेत, त्यामुळे यात कोणा एकाची ओळख शोधू नये. या मांडणीचा रोख निदानापेक्षा निदानानंतरच्या प्रश्नावर आहे : साधनांचा आणि सल्ल्यांचा सुकाळ असताना या माणसाच्या हाती टिकली ती कोणती, आणि का.

परिस्थिती

स्लॅब टाकण्याच्या दिवशी हे गृहस्थ अत्यंत भरवशाचे असतात. पहाटे मिक्सर सुरू झाल्यापासून रात्री शेवटचे घमेले उपडे होईपर्यंत सेंटरिंगचे (ओल्या स्लॅबखालच्या तात्पुरत्या आधाराचे) टेकू, सळयांवरचे काँक्रीटचे कव्हर, पाण्याचे प्रमाण, मजुरांचा चहा यांतले काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. अडचण सुरू होते ती काँक्रीट घट्ट झाल्यावर. त्याच काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे क्यूब, म्हणजे नमुन्याचे ठोकळे, पाण्यात ठेवून २८व्या दिवशी प्रयोगशाळेत दाबून फोडायचे असतात, कारण काँक्रीटची प्रत २८ दिवसांच्या ताकदीवर ठरते. हा दिवस ते वारंवार चुकवत. क्यूब हौदात पडून राहत, अहवाल नसल्याने बिल अडे, आणि मग कोअर (घट्ट झालेल्या काँक्रीटमधून कापलेला नमुना) काढून किंवा हातोडा-चाचणी करून ताकद सिद्ध करण्याचा खर्च त्यांच्याच खिशातून जाई.

बिलांचीही हीच गत होती. चालू बिल निघण्यासाठी मोजमाप पुस्तिकेत नोंद व्हावी म्हणून शाखा अभियंत्यांची वेळ घेणे, चाचणी अहवाल, खडी-वाळूच्या रॉयल्टीच्या पावत्या आणि विम्याची प्रत जोडणे, यांपैकी एकही काम अवघड नाही आणि त्यांना माहीत नाही असेही नाही. तरीही पूर्ण झालेल्या कामाचे बिल महिनोन्‌महिने सादर होत नसे आणि त्या काळात सिमेंटवाल्याची उधारी भागवण्यासाठी ते व्याजाने पैसे उचलत. दोन जुन्या कामांचा दोषदायित्व कालावधी (ज्यात निघालेले दोष कंत्राटदाराने दुरुस्त करायचे असतात) संपून सुरक्षा ठेव परत मिळण्याजोगी झाली होती, परंतु त्यासाठीचा एका पानाचा अर्ज केलेला नव्हता. जीएसटीचे मासिक विवरणपत्र २० तारखेपर्यंत भरायचे असते. कर देय असताना उशीर झाला तर दररोज ५० रुपये विलंबशुल्क आणि थकीत करावर वार्षिक १८ टक्के व्याज लागते. विवरणपत्र भरणारे करसल्लागार वेळेवर तयार असत, पण खरेदीच्या पावत्या गाडीच्या डॅशबोर्डवर, शर्टाच्या खिशात आणि साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत विखुरलेल्या असत.

घरी त्यांना वेंधळे आणि आरंभशूर म्हटले जाई. पत्नीने पहिल्या भेटीत एवढेच सांगितले की, शाळेत चाळीस मुलांना आठवण करून देते आणि घरी आल्यावर एका मोठ्या माणसाला. यातले दुसरे काम आता माझ्याच्याने होत नाही.

निदान

मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती पाहून ‘हे तर मीच’ असे त्यांना वाटले आणि त्यामुळे ते मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. अशा चित्रफितींवरून निदान करू नये हे खरे, परंतु जो माणूस एरवी दवाखान्याची पायरी चढला नसता तो त्यांच्यामुळे चढतो, हेही मान्य केले पाहिजे. प्राथमिक चाळणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागातून तयार झालेली एएसआरएस ही १८ प्रश्नांची प्रश्नावली वापरली गेली. ती मोफत उपलब्ध आहे, आणि तिच्या पहिल्या सहा प्रश्नांपैकी चार किंवा अधिक उत्तरे ठरावीक रकान्यांत पडली तर सविस्तर तपासणी करावी, एवढाच तिचा अर्थ असतो. यांची पाच पडली.

सविस्तर तपासणी दोन बैठकांत झाली. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३च्या निकषांनुसार १७ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तीत अनवधानाच्या नऊ लक्षणांपैकी किमान पाच असावी लागतात, ती आयुष्याच्या एकाहून अधिक क्षेत्रांत दिसावी लागतात आणि त्यांपैकी अनेक लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात. ही शेवटची अट प्रौढांच्या बाबतीत सर्वांत अडचणीची ठरते, कारण पस्तिशी ओलांडलेल्या माणसाला आपले बालपण निवडक आठवते. येथे आईने लोखंडी कपाटातून काढलेले चौथीचे प्रगतिपुस्तक कामी आले. त्यात वर्गशिक्षकांचा शेरा होता : हुशार आहे, परंतु वर्गात लक्ष नसते, वह्या अपूर्ण. मूल दंगेखोर नव्हते, खिडकीबाहेर पाहत बसणारे होते, आणि म्हणूनच कोणी फार मनावर घेतले नव्हते. अवधान-अभावाला १९८०च्या अमेरिकन वर्गीकरणात एडीडी म्हटले जाई आणि अतिचंचलता नसलेला हा त्याचा एक प्रकार होता. १९९४पासून सर्वच प्रकार एडीएचडीखाली आले असले तरी जुने नाव लोकांच्या तोंडी आहे.

थायरॉइड, रक्तक्षय, घोरण्यामुळे मोडणारी झोप, दारू, नैराश्य आणि चिंता या सर्वांतून विसराळूपणा व एकाग्रतेचा अभाव उद्भवू शकतो, म्हणून त्यांची चाचपणी आधी झाली. सौम्य चिंता आढळली. बाकी काही नव्हते. त्या चिंतेचा बराच भाग थकलेल्या उधारीतून आलेला होता, हे पुढे स्पष्ट झाले.

सोडून दिलेली साधने

निदानापूर्वी त्यांनी साधने वापरली नव्हती असे मुळीच नाही. दर जानेवारीत नवी डायरी येई आणि तिची पाने फेब्रुवारीत कोरी होत. मोबाइलमध्ये कामांच्या याद्या ठेवणारी तीन ॲप होती, तिन्हींत वेगवेगळ्या याद्या. दिवसाला आठ-दहा गजर लावलेले असत आणि ते वाजत तेव्हा हे मुकादमाशी बोलत असत किंवा मोटारसायकलवर असत, त्यामुळे ‘पाच मिनिटांनी बघू’ म्हणून बंद केले जात. पत्नीची आठवण हेही एक साधनच होते, आणि ते सर्वांत महाग पडले, कारण प्रत्येक आठवणीतून वाद निघू लागला.

या अपयशाचा एक समान धागा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी दीर्घकाळ मांडलेला मुद्दा असा की, अवधान-अभावात काय करावे याचे ज्ञान शाबूत असते. जे माहीत आहे ते योग्य क्षणी कृतीत उतरत नाही. म्हणून मदत डोक्यात किंवा दवाखान्यात ठेवून उपयोग नसतो. ती कृतीच्या जागी आणि कृतीच्या क्षणी, डोळ्यांना दिसेल व हाताला लागेल अशी ठेवावी लागते. डायरी घरी होती आणि पावती साइटवर मिळत होती. ॲपमध्ये यादी होती, पण ॲप उघडायचे हे कोणी आठवायचे? प्रत्येक साधन त्यांच्याकडून नेमके तेच मागत होते जे त्यांच्याकडे कमी होते. चिकित्सक मानसशास्त्रज्ञांनी पुढे प्रत्येक साधनाला हाच एक प्रश्न लावला : हे साधन वापरायचे आहे, याची आठवण कोण ठेवणार? उत्तर ‘ते स्वतः’ असे आले की साधन बाद.

नवी मांडणी

पहिला बदल पावत्यांचा झाला. सिमेंट किंवा सळईची गाडी साइटवर आली की चालकाच्या चलनावर सही करावी लागते. ही सही टाळता येत नाही, कारण त्याशिवाय चालक हलत नाही. ठरले असे की, सही करण्याआधी पावतीचा फोटो काढून करसल्लागारांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचा आणि मगच सही करायची. ‘अमुक घडले की तमुक करायचे’ अशी आधीच बांधलेली जोडी पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञांच्या संशोधनामुळे परिचित झाली आहे. येथे तिला चालकाच्या घाईची जोड मिळाली. कागदी पावत्या आजही हरवतात, पण विवरणपत्र अडत नाही.

क्यूबचा प्रश्न याहून कठीण होता, कारण २८ दिवस हे अंतर या मेंदूला जवळजवळ दिसतच नाही. त्याच्यासाठी ‘आत्ता’ असते आणि ‘नंतर’ असते. दोहोंच्या मधला पट्टा अंधुक असतो. त्यामुळे २८व्या दिवसाचे काम पहिल्याच दिवशी उरकण्याची युक्ती काढली गेली. स्लॅब संपल्यावर मजुरी वाटण्यापूर्वी प्रयोगशाळेला फोन करून क्यूब नेणाऱ्या गाडीची तारीख तिथल्या तिथे ठरवायची आणि मुकादमाने ती साइटच्या खोलीतल्या कालनिर्णयवर मार्कर पेनने लिहायची. मराठी घरांत या दिनदर्शिकेच्या चौकोनांत दुधाचे खाडे आणि गॅस सिलिंडरची तारीख लिहिण्याची पद्धत जुनी आहे, आणि माझ्या मते प्रौढ अवधान-अभावासाठी तिच्याइतके स्वस्त व गुणकारी साधन क्वचितच सापडेल : ती उघडावी लागत नाही, तिची बॅटरी संपत नाही आणि तिच्याकडे घरातले सगळेच पाहतात. एक प्रत साइटवर आणि एक स्वयंपाकघरात, एवढीच भर घातली गेली. महिन्याच्या पानावर मुदतीपर्यंतचे रिकामे चौकोन दिसत असल्याने ‘अजून खूप वेळ आहे’ हा भ्रमही कमी होतो. डिजिटल घड्याळाऐवजी खोलीत काट्यांचे मोठे घड्याळ लावले, तेही याच कारणासाठी.

बिलांसाठी मात्र कोणतेही यंत्र पुरले नाही; माणूस लागला. शेजारच्या गल्लीत राहणारे, शासकीय लेखा विभागातून निवृत्त झालेले एक काका मंगळवारी व शुक्रवारी संध्याकाळी दीड तास येऊन बसू लागले. ते बिल करत नाहीत, क्वचित एखादी आकडेमोड तपासतात. बहुतेक वेळ स्वतःचे वर्तमानपत्र वाचतात. दुसऱ्याच्या केवळ उपस्थितीने कंटाळवाणे काम सुरू होणे आणि टिकणे हा अनुभव अवधान-अभाव असलेले असंख्य लोक सांगतात. इंग्रजीत त्याला ‘बॉडी डबलिंग’ म्हणतात आणि फोकसमेटसारख्या संकेतस्थळांवर अनोळखी व्यक्तीसोबत कॅमेरा चालू ठेवून असेच काम करता येते. यांनी तेही करून पाहिले, परंतु गप्पा मारल्याशिवाय काम करण्याचा त्यांचा स्वभाव नसल्याने ते जमले नाही. काकांना चहा आणि थोडे मानधन दिले जाते. पत्नीची आठवण देण्याच्या कामातून सुटका झाली, आणि या एका गोष्टीने घरातले वातावरण जितके निवळले तितके इतर कशाने निवळले नसावे.

काम कसे करायचे यासाठी संज्ञानात्मक वर्तनोपचाराच्या, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्याच्या बोलण्यातून होणाऱ्या उपचाराच्या, बारा बैठका झाल्या. अमेरिकेत स्टीव्हन सॅफ्रन आणि सहकाऱ्यांनी औषध चालू असूनही लक्षणे शिल्लक राहिलेल्या ८६ प्रौढांवर या पद्धतीची चाचणी घेतली होती. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत शिथिलीकरणाच्या (शरीर व मन सैल सोडण्याच्या सरावाच्या) तुलनेत तिचा परिणाम सरस दिसला. त्यातली दोन तंत्रे येथे उपयोगी पडली. एक, आपले लक्ष किती वेळ टिकते हे प्रामाणिकपणे मोजून कामाचे तुकडे तेवढेच करणे. ‘पोमोडोरो’ पद्धतीतला पंचवीस मिनिटांचा प्रसिद्ध तुकडा यांना सुरुवातीला लांब आणि एकदा रंगल्यावर आखूड वाटे, म्हणून पहिला तुकडा पंधरा मिनिटांचा व पुढचे मोठे ठरले. वेळ लावण्यासाठी स्वयंपाकघरातला टायमर घेतला, कारण मोबाइल हातात घेतला की तो वेळ लावण्यापुरता राहत नाही. दुसरे, मध्येच आठवलेली गोष्ट लगेच करायला न उठता खिशातल्या वहीत टिपून पुन्हा कामावर येणे. कंत्राटदाराच्या खिशात मापांची छोटी वही असतेच. तिची मागची पाने यासाठी राखली गेली.

चौथ्या-पाचव्या बैठकीत त्यांनी मानसशास्त्रज्ञांना विचारले, ‘मॅडम, हे सगळं सेंटरिंग काढायचं कधी?’ प्रश्न रास्त होता. त्यांना उत्तर मिळाले की यातले काही सेंटरिंग नाही, कॉलम आहे. ते काढायचे नसते. पुढच्या भेटीत ते स्वतःच यादी करून आले : पावतीचा फोटो, कालनिर्णय आणि काका हे कॉलम; टायमर बहुधा सेंटरिंग.

औषध

ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१८च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रौढांसाठी असा क्रम आहे की, आधी परिसरात बदल करावेत आणि त्यानंतरही एखाद्या क्षेत्रात लक्षणीय अडचण उरली तर औषध द्यावे. येथेही साधारण तसेच झाले. रक्तदाब, नाडी, वजन आणि हृदयविकाराचा कौटुंबिक इतिहास पाहून मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक औषध कमी मात्रेत सुरू केले गेले. कंटाळवाणे काम हाती घेतानाचा जडपणा कमी झाला, असे त्यांनी सांगितले. दुपारची भूक मात्र मेली, म्हणून गोळीआधी भरपेट न्याहारी करण्याचा नियम करावा लागला. औषध लक्ष देते, ते कुठे लावायचे हे ठरवून देत नाही, याचाही प्रत्यय लवकरच आला : एका संध्याकाळी बिल बाजूला राहिले आणि त्यांनी तीन तास बसून सळयांच्या मापांचा तक्ता नव्याने, अतिशय सुबक असा तयार केला.

व्यवहारातल्या काही बाबी आधी माहीत असाव्यात. मिथाइलफेनिडेट भारतात ‘शेड्यूल एक्स’ या कडक नियंत्रणाखालील औषधांच्या यादीत आणि अमली व मनःप्रभावी पदार्थांच्या १९८५च्या कायद्याच्या कक्षेत येते, त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत औषधविक्रेत्याला दोन वर्षे जपून ठेवावी लागते. त्यामुळे तालुक्याच्या गावी ते बहुधा मिळत नाही. २०२०च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशी औषधे ऑनलाइन सल्ल्यावर लिहून देता येत नाहीत, म्हणजे प्रत्यक्ष भेट आवश्यक असते. ज्याला तारखा पाळणे जमत नाही त्याच्यावरच दरमहा अशी तारीख पाळण्याची सक्ती व्हावी, हा विरोधाभास कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात आला नसावा. उपाय म्हणून पुढच्या भेटीची तारीख दवाखान्याच्या दारातून बाहेर पडण्यापूर्वी घेऊन तिचा फोटो पत्नीला पाठवला जातो. ज्यांना हे औषध चालत नाही त्यांच्यासाठी ॲटोमॉक्सेटिन हा उत्तेजक नसलेला पर्याय आहे, परंतु त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात. गोळ्यांची डबी, घरात लहान मूल असल्याने, शेगडीवरच्या उंच फळीवर ठेवली आहे. पहाटेचा चहा ते स्वतः करतात आणि चहाचा डबाही तिथेच असतो.

पैसा, कायदा आणि बाहेरची मदत

वीजबिल आणि विम्याचे हप्ते यूपीआय ऑटोपेवर टाकले, पण धंद्याच्या खात्यावर नव्हे. कंत्राटदाराच्या खात्यात शिल्लक कधी लाखांत तर कधी शेकड्यांत असते आणि हप्ता परतला की बँकेचा दंड वेगळा. म्हणून प्रत्येक बिलाची रक्कम जमा होताच ठरलेला भाग घरखर्चाच्या स्वतंत्र खात्यात वळता होतो आणि ऑटोपे तिथून चालते. वाहनाची कागदपत्रे व परवाना डिजिलॉकरमध्ये गेले. किल्ल्यांसाठी दाराशेजारी एक खिळा ठोकला, त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे नाही.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यातील २१ प्रकारांत अवधान-अभावाचे नाव नाही, त्यामुळे केवळ या निदानावर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळण्याची अपेक्षा धरू नये. सोबत विशिष्ट अध्ययन अक्षमता असेल तर गोष्ट वेगळी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७च्या कलम २१ नुसार विमा कंपन्यांना मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांप्रमाणेच विमा द्यावा लागतो, परंतु येथला बहुतेक खर्च बाह्यरुग्ण स्वरूपाचा असल्याने पॉलिसीत तशी तरतूद आहे का हे पाहावे लागते. ज्यांना खासगी तज्ज्ञ परवडत नाहीत त्यांच्यासाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखालील सेवा आणि २०२२मध्ये सुरू झालेली टेलि-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा (१४४१६) आहे. मराठीतही बोलता येते. निदानासाठी नसली तरी कुठे जावे हे कळण्यासाठी ती उपयोगी आहे.

मराठीत प्रौढांच्या अवधान-अभावावर वाचण्यासारखे साहित्य थोडे आहे. अमेरिकेतील ‘चॅड’ आणि ‘ॲडा’ या अवधान-अभावासाठी काम करणाऱ्या संस्थांच्या संकेतस्थळांवर विश्वासार्ह माहिती आहे, पण ती इंग्रजीत आणि अमेरिकन दैनंदिनीला धरून. ठाण्याच्या आय.पी.एच. या मानसिक आरोग्य संस्थेच्या ‘आवाहन’ या यूट्यूब वाहिनीवरील मराठी व्याख्याने यांच्या पत्नीने पाहिली, आणि भावनांच्या नियोजनावरची व्याख्याने तिला नवऱ्यापेक्षा स्वतःसाठी अधिक उपयोगी वाटली.

वर्षानंतर

वर्षभरात एकाही स्लॅबचे क्यूब हौदात राहिले नाहीत; एकदा गाडी आली नाही तेव्हा मुकादमाने ते रिक्षात घालून नेले. दोन्ही जुन्या ठेवींचे अर्ज काकांच्या समोर बसून झाले आणि पैसे परत आले. बिल सादर होण्यातला उशीर महिन्यांवरून आठवड्यांवर आला. लग्नकार्यांना आजही उशिरा पोहोचणे चालू आहे. मधल्या काळात फ्लाय ॲशच्या विटांचा कारखाना काढण्याची कल्पना येऊन, दोन यंत्रे पाहून होऊन, ती मावळली.

सर्वांत मोठी घसरण पावसाळ्यात झाली. जूनमध्ये साइट बंद झाली आणि तिच्याबरोबर चालकाची सही, मुकादम, खोलीतले कालनिर्णय हे सगळेच दृष्टिआड गेले. जुलैत विवरणपत्र चुकले, गोळ्याही अनियमित झाल्या. साधने साइटला बांधलेली होती आणि साइटच नाहीशी झाली, हे बांधणी करताना कोणाच्या लक्षात आले नव्हते. आता पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी स्वतंत्र मांडणी आहे : सकाळी नऊ ते अकरा करसल्लागारांच्या कार्यालयातील एका टेबलावर बसायचे आणि निविदांची व जुन्या कामांची कागदपत्रे तिथेच करायची.

काका दिवाळीनंतर मुलाकडे पुण्याला राहायला जाणार आहेत. त्यांच्या जागी धाकटा चुलतभाऊ बसून पाहतो आहे. तो स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, त्यामुळे दोघांचेही काम होते. पहिल्या दोन आठवड्यांत गप्पाच अधिक झाल्या, म्हणून टेबल बदलून दोघांची तोंडे भिंतीकडे केली आहेत. जमते की नाही, हे पुढच्या आढाव्यात पाहायचे ठरले आहे.